पित्त उठलें, पण त्याआधीं काय झालें होतें?

अंगावर पित्त उठणें हा विकार आपल्या घरांना इतका परिचित आहे कीं, त्यासाठीं डॉक्टरांकडे जावें असें प्रथम कोणाच्या मनांतच येत नाहीं. तिन्हीसांजेला मुलाच्या पाठीवर तांबड्या गांधी दिसतात, खाज सुटते, आजी आमसुलाचें पाणी करून अंगास चोळते, मूल खाजवीत खाजवीत झोपीं जातें आणि सकाळीं पाहावें तों अंग स्वच्छ! गांध कोठें होती हें दाखवावयास ठिपकाही उरत नाहीं. असें चार-दोन वेळां झालें म्हणजे घरांतील कोणी तरी म्हणतो, "एकदां दाखवून तरी या." पण दाखवावयाचें काय? डॉक्टरांच्या पुढें जाऊन बसेपर्यंत सारें मावळून गेलेलें असतें. इतर पुष्कळ रोगांत वैद्य आधीं पाहतो आणि मग विचारतो. येथें त्याला पाहावयास बहुधा मिळतच नाहीं. त्याची सारी भिस्त विचारण्यावर, आणि विचारण्याचें फळ सांगणाराच्या सांगण्यावर. या सांगण्याविषयींच या महिन्यांत चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या शास्त्रकारांना हें चांगलें ठाऊक होतें. वाग्भटानें रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तिहींनीं करावी असें सांगितलें. सुश्रुतानें तर रोग जाणण्याचे सहा उपाय मोजले. त्यांत पांच ज्ञानेंद्रियें आणि सहावा प्रश्न. माधवकराच्या माधवनिदानांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांचें स्वतंत्र प्रकरण आहे. वरटीनें दंश केल्यावर येते तशी सूज अंगावर येते, अशी उपमा तेथें दिली आहे. वरटी म्हणजे आपली गांधीलमाशी. गांध आणि गांधील हे मराठी शब्द शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे ती उपमा किती जवळची आहे तें ध्यानांत येतें. पण आम्हांला उपमेपेक्षां त्या प्रकरणाची मांडणी अधिक मोलाची वाटते. गार वाऱ्याचा स्पर्श झाला होता का, ऋतु कोणता होता, वांति अर्धवट झाली कीं दडपली गेली, मंडलें पुन्हां पुन्हां उठतात का, असे प्रश्न विचारल्यावांचून त्या प्रकरणांतील एकही भेद ओळखतां येत नाहीं. ग्रंथ लक्षणांचा दिसतो, परंतु वैद्यानें तो प्रश्नांचा म्हणून वाचावयाचा आहे.

आजचें शास्त्र दुसऱ्या वाटेनें त्याच ठिकाणीं येतें. आपल्या त्वचेंत मास्ट नांवाच्या पेशी असतात; पाउल एर्लिख यानें १८७८ सालच्या आपल्या प्रबंधांत त्या वर्णिल्या. या पेशी चेतल्या म्हणजे हिस्टामिन नांवाचें द्रव्य सोडतात. त्याच्या क्रिया हेन्री डेल व त्याचा सहकारी लेडलॉ यांनीं १९१० सालीं दाखविल्या. हिस्टामिनानें बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी पाझरतें, कातडी फुगते व खाज सुटते. पाझरलेलें पाणी शोषलें गेलें कीं गांध मावळते. जठरांतील आंबटपणाचा या सर्वांत कोठेंच संबंध येत नाहीं. परंतु आपण या विकारास 'पित्त' म्हणतों, आणि पित्त म्हटलें कीं आपलें लक्ष एकदम ताटाकडे जातें. काल काय खाल्लें, एवढा एकच प्रश्न घरोघर विचारला जातो. नांवानेंच अर्धी चौकशी बंद करून टाकलेली असते!

पेशी चेतल्या खऱ्या, पण त्या कोणी चेतविल्या हें गांधीकडे पाहून बहुधा कळत नाहीं. औषधानें उठलेली, थंडीनें उठलेली आणि सर्दीतापाच्या पाठोपाठ उठलेली, तिन्ही दिसावयास बहुतेक सारख्या. रक्ताच्या तपासणीनेंही काम होत नाहीं. हल्लीं एकदम पन्नास-शंभर पदार्थांची यादी रक्तावरून काढून आणण्याची हौस दिसते. परंतु ज्या पदार्थाचा हकीकतींत संशयही नाहीं, त्याची खूण रक्तांत सांपडली तरी तो पदार्थ त्या माणसास बाधतोच असें नाहीं. कोणती तपासणी करावी हें हकीकत ऐकल्यावरच ठरावयाचें असतें.

आणि येथेंच आपल्या एकत्र कुटुंबांत एक अडचण उभी राहते. रोग्याबरोबर चार माणसें जातात, आणि प्रश्न रोग्यास विचारला तरी उत्तर त्या चारांपैकीं कोणी तरी देतो. आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत घालविलीं. एखाद्या संकोची मुलाला उभें करून प्रश्न विचारावा, तों मागच्या बाकावरून उत्तर यावयाचें. मुलगा तेंच म्हणून खालीं बसावयाचा, आणि त्याला काय येतें व काय येत नाहीं हें गुरुजींना शेवटपर्यंत कळावयाचें नाहीं. दवाखान्यांत नेमकें असेंच होतें.

आमच्या किहिमांतील एका घरची हकीकत येथें देतों. ती त्या घरच्या सासूबाईंनींच आमच्या घरीं येऊन सांगितली, आणि नांव न घालतां लिहिण्यास परवानगीही दिली. त्यांच्या धाकट्या सूनबाईच्या अंगावर सात-आठ महिने अधूनमधून गांधी उठत. पहिल्या खेपेस घरांत वांग्याचें भरीत झालें होतें. वांगें बंद झालें. दुसऱ्या खेपेस संकष्टी होती, तेव्हां साबुदाणा आणि शेंगदाणे गेले. पुढें टोमॅटो, मग दही, मग चण्याची डाळ, मग फणस. खेप नवी कीं आरोपी नवा. शेवटीं मुलगी भात, तूप आणि मुगाचें वरण एवढ्यावर येऊन ठेपली, अंगानें वाळली, आणि तरीही गांधी उठतच राहिल्या. आठव्या खेपेस मात्र वरचा ओठ व डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, तेव्हां घर घाबरलें व तिला घेऊन अलिबागेस एका डॉक्टरांकडे गेलें. बरोबर सासूबाई, सासरे आणि यजमान. डॉक्टर प्रश्न विचारीत तो सूनबाईला. सासूबाई पदार्थांचा इतिहास सांगत, सासरे तिथी सांगत. डॉक्टरांनीं त्या तिथींच्या तारखा कागदावर एकाखालीं एक मांडल्या आणि थोडा वेळ त्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काका, काकू, तुम्ही जरा बाहेर बसतां का? ताईंशीं मला पांच मिनिटें बोलावयाचें आहे."

तारखांमध्यें सुमारें चार-चार आठवड्यांचें अंतर होतें. मासिक पाळीच्या पहिल्या दिवशीं सूनबाईचें पोट असह्य दुखे. ती माहेरापासूनची संवय म्हणून मेफेनॅमिक ॲसिडाची एक गोळी घेई, आणि दोन-तीन तासांनीं गांधी उठत. सासऱ्यांच्या समोर त्या दिवसांचा उल्लेख करावयाचा नाहीं, ही रीत. शिवाय 'कांहीं औषध घेतेस का?' असें सासूबाईंनीं विचारलें होतें, तेव्हां तिनें 'नाहीं' म्हटलें तें तिच्या मतें खोटें नव्हतेंच. पोटदुखीची गोळी तिच्या लेखीं औषधांत जमा नव्हती. डॉक्टरांनीं ती गोळी बंद केली. त्याच जातीचीं आणखी औषधें, म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, यांचीं नांवें एका कागदावर लिहून दिलीं व कोणत्याही वैद्याकडे वा दांतांच्या डॉक्टरांकडे जातांना हा कागद आधीं दाखवा म्हणून बजावलें. एका औषधानें बाधलेल्यास या गटांतील दुसरें औषधही पुष्कळदां बाधतें. पोटदुखीला पॅरासिटॅमॉल दिलें. पुढील चार महिन्यांत एकही गांध उठली नाहीं, आणि वांगें परत पानांत आलें. खात्री करण्यासाठीं ती गोळी घरीं एकदां घेऊन पाहावी असें यजमानांच्या मनांत आलें होतें. डॉक्टरांनीं तसें कदापि करूं नका म्हणून सांगितलें, कारण ओठ सुजले होते, आणि पुढच्या खेपेस जीभ सुजणार नाहीं याची हमी कोण देणार?

सासूबाई आम्हांला म्हणाल्या, "मास्तर, आमच्याच घरांतली गोष्ट आणि आम्हांलाच ठाऊक नाहीं." मग थोडें थांबून, "पण तसें कोणीं तिला नीट विचारलें तरी कोठें होतें?"

तर्कशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. एक असतां दुसरें असतें हा अन्वय; एक नसतां दुसरें नसतें हा व्यतिरेक. त्या घरानें प्रत्येक खेपेस अन्वय अर्धाच पाहिला, व्यतिरेक मुळींच पाहिला नाहीं. वांगें खाल्लें तेव्हां पित्त उठलें, हें खरें. पण महिन्यांत ज्या इतर पांच दिवशीं वांगें खाल्लें तेव्हां काय झालें, हें कोणीं पाहिलें नाहीं. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास गांठ पडली, तिला काकतालीय न्याय म्हणतात. आमसुलाचेंही तेंच. तें चोळावें, थंड वाटतें, अपाय नाहीं. परंतु गांध कांहीं तासांत आपल्या आपण मावळणारीच असल्यामुळें, ती मावळली याचें श्रेय आमसुलाला देऊन चौकशी संपवूं नये.

मग सांगावयाचें काय? पहिलें, एकेक गांध किती वेळ टिकते. सारें अंग चार दिवस फुललेलें असेल, पण एका जागची गांध बहुधा चोवीस तासांच्या आंत मावळते आणि दुसरीकडे नवी उठते. गांधीभोंवतीं पेनानें वर्तुळ काढावें व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पाहावें. वर्तुळांत ती तशीच असेल, खाजेपेक्षां दुखत अधिक असेल, किंवा जातांना काळसर डाग ठेवीत असेल, तर तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा निराळा विकार असूं शकतो व त्यासाठीं कातडीचा लहानसा तुकडा तपासावा लागतो. आतां घरोघर भ्रमणध्वनी आहे. गांध दिसतांच तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें.

दुसरें, त्या वेळीं शरीर काय करीत होतें. हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीतच नाहीं. नाडीच्या खालीं, पिशवीचा बंद खांद्यावर रुतला तेथें, किंवा शिडीवर उभें राहून सुपारी उतरविल्यावर कांहीं तासांनीं तळपायांना. असें असेल तर कारण दाब. घाम येतांच अंगभर बारीक बारीक पुटकुळ्या, तर कारण ऊब व घाम. आणि माधवकराचा तो गार वारा! पौषांत पहाटे विहिरीवर स्नान केल्यावर, बर्फाचा गोळा खातांना ओठांवर, समुद्रांतून बाहेर येतांच वाऱ्यानें, असें असेल तर डॉक्टर पिशवींतला बर्फ हातावर पांच मिनिटें ठेवून पाहतात. ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. आमच्या वाड्यांतून विहिरी आहेत आणि पोरें कांठावरून सूर मारतात. ज्याच्या अंगाला थंडीनें गांधी उठतात, त्याचें सारें अंग एकदम गार पाण्यांत गेलें तर घेरी येऊन तो पाण्यांतच राहण्याचा संभव असतो. अशा मुलाला पोहूं द्यावें कीं नाहीं, हें आजोबांनीं नव्हे, डॉक्टरांनीं सांगावें.

तिसरें, पंगतींतील आणखी कोणाला झालें का? आमच्या घरांत मासळी चालत नाहीं, पण गांवाचें अर्धें जेवण समुद्रांतून येतें. बांगडा किंवा कुपा बर्फावांचून उन्हांत राहिला, तर त्याच्या मांसांत जंतूंमुळें हिस्टामिन तयार होतें. तें शिजवूनही जात नाहीं. अशी मासळी पांच जणांनीं खाल्ली तर तासाभरांत अनेकांचीं तोंडें लाल होतात, डोकें दुखतें, अंगावर गांधी उठतात. हा मासळी शिळी असल्याचा दोष आहे, खाणाराच्या प्रकृतीचा नाहीं. त्या माणसानें जन्मभर बांगडा सोडण्याचें कारण नाहीं. एका प्रश्नानें दोन निराळे विकार असे वेगळे होतात.

औषधांची गोष्ट वर आलीच. तरी एवढें जोडतों कीं, 'औषध' या शब्दांत डोकेदुखीची गोळी, खोकल्याचें पातळ औषध, डोळ्यांतले थेंब, ताकदीचें चूर्ण, काढा, शेजारणीनें दिलेली पुडी, सारें मोजावें. आणि फार दिवस चालू असलेलेंही मोजावें. रक्तदाबावरील एका गटाच्या गोळ्या आहेत, एनालाप्रिल, रामिप्रिल अशीं त्यांचीं नांवें 'प्रिल' नें संपतात. त्या महिनोगणती, क्वचित् वर्षानुवर्षें सुखानें घेतल्यावरही एखाद्याची जीभ किंवा ओठ सुजतात, अंगावर मात्र गांध नसते. 'ती गोळी तर जुनीच आहे' म्हणून आजोबा ती सांगत नाहींत. मुलांच्या बाबतींत उलट होतें. सर्दीताप आला, औषध दिलें, दोन दिवसांनीं गांधी उठल्या. दोष औषधाच्या कपाळीं. वस्तुतः मुलांत तापाच्या जंतूंमुळेंच गांधी उठणें फार आढळतें. पण त्या मुलाच्या नांवापुढें 'पेनिसिलिन चालत नाहीं' असें एकदां लिहिलें गेलें कीं तें म्हातारपणापर्यंत जातें, आणि खरी गरज पडेल तेव्हां चांगलें औषध त्याला नाकारलें जातें. यासाठीं ताप केव्हां आला, औषधाचा पहिला डोस केव्हां दिला आणि पहिली गांध केव्हां दिसली, या तीन वेळा लिहून ठेवाव्या.

लिहून ठेवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. आमच्या या गांवीं १९३० सालीं पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली येऊन राहिले होते. सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीपुढें ते तासन् तास बसत आणि कोणता नर, कोणतें घरटें, मादी केव्हां आली, आंत केव्हां शिरली, याची टिपणें करीत. आपल्या भाषेनें 'सुगरण' असें नांव ठेवून सारें श्रेय मादीच्या पदरांत टाकलें आहे. विणणारा असतो नर. तो घरटें अर्धें विणतो, मादी तें पाहून पसंत करते, आणि तिचें बिऱ्हाड बसलें कीं हे महाशय दुसऱ्या घरट्यास हात घालतात! ही रीत त्यांच्या टिपणांनीं स्पष्ट झाली व १९३१ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली गेली. झाडाखालून जाणाऱ्या हजारोंनीं तेंच दृश्य पाहिलें असेल. फरक इतकाच कीं त्यांनीं दिवस आणि वेळ लिहिली. पित्ताच्या रोग्यानें दोन आण्यांच्या वहींत (आतां तिला किती रुपये पडतात तें नातवंडें जाणोत) चार रकाने पाडावे: तारीख व वेळ, आधींच्या सहा तासांत पोटांत गेलेलें सारें, गोळ्या धरून, त्या वेळीं चाललेलें काम, आणि गांध कोठें उठून किती वेळानें गेली. स्त्रियांनीं पाळीची तारीखही लिहावी. वही रोग्यानेंच लिहावी व डॉक्टरांपुढें रोग्यानेंच वाचावी. बाकीच्यांनीं बाहेरच्या बाकावर बसावें.

एक प्रसंग मात्र असा आहे कीं तेथें हकीकत सांगत बसावयाचें नाहीं. गांधींबरोबर जीभ वा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, घेरी आली, किंवा ओकाऱ्या होऊन माणूस पांढरा पडला, तर तत्क्षणीं १०८ ला बोलवावें किंवा मिळेल त्या वाहनानें निघावें. येथें उपाय एकच, मांडींत ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन. खाजेच्या गोळीनें हें काम होत नाहीं, आणि आमसुलानें तर नाहींच. किहिमाहून अलिबागचें जिल्हा रुग्णालय सुमारें बारा किलोमीटर आहे, पावसाळ्यांत तीच वाट लांबते. रोग्यास आडवा ठेवून पाय उंच करावे. श्वास लागत असेल तर बसूं द्यावें, पण उठवून चालवूं नये. कारण काय, हें वाटेंत जो शुद्धीवर आहे त्यानें आठवीत जावें.

आतां राहिले ते रोगी, ज्यांच्या गांधी सहा आठवड्यांच्या वर आठवड्यांतून अनेकदां उठत राहतात. यांच्यांत वही कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी पुष्कळांच्या बाबतींत बाहेरचें कारण सांपडत नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या मास्ट पेशींना चेतवीत असते, कांहींत थायरॉइड ग्रंथीचाही विकार सोबत आढळतो. कारण सांपडलें नाहीं म्हणजे वही फुकट गेली असें नव्हे. ताट, औषध, थंडी, दाब, ऊन हे सारे निर्दोष ठरले, हाही निकालच आहे. हा प्रकार बहुतेकांत कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं आपोआप शमतो. तोंवर सुस्ती न आणणारें हिस्टामिनविरोधी औषध डॉक्टर सांगतील त्या मात्रेंत रोज घ्यावयाचें असतें, गांध उठल्यावरच नव्हे. आणि अशा रोग्याच्या पानांतून संशयावरून काढलेले पदार्थ डॉक्टरांना विचारून आठवड्यास एक याप्रमाणें परत वाढावे, व कोणता कोणत्या तारखेस वाढला तें त्याच वहींत लिहावें.